वरची डावी सहावी

रूट कॅनालला अकरा दिवस झाले होते.
तीन-चार दिवस ठणकणारच, म्हणाल्या होत्या मृदुला शेटे,
मंगळवार पेठेतल्या, जिन्याखाली चपला काढायच्या तो दवाखाना.
मी ते धरून चाललो.
नवीन बेअरिंगही सुरुवातीला तापतं.

पण अकराव्या दिवशी
भाकरीचा पापुद्रा दाताखाली आला
आणि उद्यमनगरातली सगळी वेल्डिंगं
एकदम डोळ्यांत पेटली.

बायको म्हणाली, लवंग धरा. धरली.
पलीकडच्या शेडमधला बंडा चौगले म्हणाला,
मिस्री लाव मर्दा, लई जहाल, किडाच मरतोय.
लावली नाही. पण डबी हातात घेऊन पाहिली.
मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन पाळ्या काढल्या.

हिरडीवर एक फोडी आली, ज्वारीच्या दाण्याएवढी.
जीभ लागली की फुटायची,
तोंडात खारट,
आणि मग दुखणं गप.
मला वाटलं, सुटलो.
तीस वर्षं कूलंटच्या टाक्या उपसणाऱ्या माणसाला
एवढं कळायला हवं होतं:
गळतंय म्हणजे रिकामं झालं असं नव्हे.

पुन्हा जिना. पुन्हा एक्स-रे.
बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
मुळात एक पांढरी रेघ, खिळ्याच्या टोकाएवढी.
"मोरबाळे, फाईल मोडली आहे आत.
त्याच दिवशी सांगायला हवं होतं मी.
वाटलं, त्रास होणार नाही."

मला इर्शाद आठवला.
व्हॉल्व्हच्या बॉडीत एम-आठचा टॅप मोडला पोरानं,
वर ग्रीस थापलं, रंग मारला, जॉब गेला पुण्याला
आणि तांबडी खूण घेऊन परत आला.
तेव्हा मी एवढा ओरडलो होतो
की शेजारच्या दोन लेथ थांबल्या.

इथं ओरडता आलं नाही.
एक तर बाई डोळ्यांत बघून बोलत होत्या
आणि दुसरं, तोंड दोन बोटंच उघडत होतं.

त्यांनी तीच दोन बोटं मोजली. गाल चाचपला. ताप पाहिला.
"हे उद्यावर टाकायचं नाही.
राजारामपुरीत एक जण फक्त मुळांचंच काम करतात,
आत्ता फोन करते.
आणि वाटेत गिळायला जड गेलं, श्वास अडकला,
तर त्यांच्याकडेही नको. सरळ सीपीआर गाठा."

आजगेकर डॉक्टर कमी बोलणारे.
तोंडावर रबराचा पडदा, वर मायक्रोस्कोप,
आमच्या स्पार्कवाल्या पोतदारासारखे
श्वास धरून वाकलेले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"तुकडा राहू दे. घट्ट बसलाय, भोवती स्वच्छ आहे.
त्याचा काही गुन्हा नाही.
दुखणं इकडे आहे.
तीन वाटा साफ केल्यात तुमच्या दाढेच्या.
ही चौथी. केसाएवढी.
कुणी उघडलीच नाही."

पडद्याखाली मला हसू आलं, लाळेसकट.
चार रात्री मी त्या तुकड्याच्या आईबापाचा उद्धार केला होता.

दोन खेपा लागल्या.
महिन्याच्या आत कॅप बसवा, बजावलं त्यांनी,
नाहीतर पोकळ दाढ उभी चिरेल,
मग मीही काही करू शकणार नाही.
बसवली. पैसे भिशीतून उचलले.
तुकडा अजून आत आहे.
पांढऱ्या रश्शात नळी आली की त्याच बाजूनं फोडतो.

परवा दुपारी इर्शाद मशीनपाशी येऊन उभा राहिला.
हात मागे. नजर माझ्या बुटांवर.
"मामा, टॅप मोडला."

पलीकडच्या लेथवाल्यानं मान वर केली, ऐकायला.
मी स्विच बंद केला.
"किती खोल?"
"दिसत नाय."
"बॅटरी आण," म्हटलं. "आधी आत बघू."